वाडा : धन्याचा आणि बिऱ्हाडकरूंचा

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याच्या वाटेला लागलें म्हणजे शिवगंगेच्या खोऱ्यांत वरवे बुद्रुक हें भोर तालुक्यांतील गांव लागतें. नांवांतील ‘बुद्रुक’ हें फारसी ‘बुजुर्ग’चें मराठी वळण, थोरलें तें बुद्रुक आणि धाकटें तें खुर्द. या खोऱ्यांत जुन्या बांधणीचें एखादें शेतकऱ्याचें घर शिल्लक असेल तर तें बारकाईनें पाहावें. हातभर उंचीचें दगडी जोतें, पुढें ओटी, मध्यें अंधारें माजघर, मागें परसूं. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर लांकडी खांब, खांबांच्या माथ्यांवरून तुळया आणि तुळयांवर कड्या. भिंत दगडमातीची, पण वरचा भार ती एकटी वाहत नाहीं, त्याचा मोठा वांटा खांबांच्या अंगावर असतो. दोन खांबांमधील अंतर तो खण. घर केवढें आहे असें विचारलें तर जुना माणूस तें फुटांत सांगत नाहीं. ‘पांच खणांचें’ असें सांगतो.

पुण्यांतील पेशवाई वाडा म्हणून ज्याचा गौरव होतो, तो याच खणाचा विस्तार आहे. ओटीची झाली ओसरी, परसवाची जागा आंत घेऊन तिचा झाला चौक, आणि एका मजल्यावर दुसरा चढला. राजवाड्यापासून कुणब्याच्या घरापर्यंत एकच माप आणि एकच अस्थिपंजर, ही गोष्ट आपल्या गृहरचनेसंबंधीं बोलतांना सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. लोक नक्षीकडे पाहतात. खणाकडे पाहत नाहींत.

आतां एक योगायोग ध्यानांत घ्यावा. बाळाजी विश्वनाथ भट यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं १७१३ सालीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७१४ मध्यें, इंग्लंडच्या गादीवर पहिला जॉर्ज बसला. पेशवाई बुडाली १८१८ सालीं, आणि चौथा जॉर्ज वारला १८३० सालीं. तेव्हां इंग्रज ज्या बांधणीस आपल्या चार जॉर्ज राजांवरून ‘जॉर्जियन’ म्हणतात, ती आणि आपली पेशवाई बांधणी या जवळजवळ समवयस्क आहेत. बाथ शहरांतील तीस घरांची ती प्रसिद्ध चंद्रकोर १७६७ ते १७७४ या काळांत उभी राहिली. एडिंबरोच्या नव्या नगराचा आराखडा जेम्स क्रेग यानें १७६७ सालींच केला. तेव्हां पुण्यांत थोरले माधवराव राज्य करीत होते. डब्लिन शहरांत तर याच काळांत उमरावांच्या विटांच्या हवेल्यांच्या रांगा एकाला एक लागून उभ्या राहिल्या. या हवेल्यांची आणि पुण्याच्या वाड्यांची तुलना करण्यास वय हें एकच कारण पुरेसें नाहीं. खरें कारण निराळें आहे. दोहोंच्या नशिबीं उतारवयांत एकच गोष्ट आली : धनी गेला आणि बिऱ्हाडकरू आले. पण त्या कथेकडे वळण्यापूर्वीं वाडा बांधला कसा जाई, हें पाहणें अवश्य आहे. कारण तो पुढें पडला कसा, याचें उत्तर त्यांतच आहे.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. खर्च सोळा हजार एकशें दहा रुपये झाल्याची नोंद सांगितली जाते. साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या बाजूनें आला. सारी इमारत दगडाची करण्याचा अधिकार छत्रपतींचा, म्हणून वरचे मजले विटांचे झाले, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. ती कथा म्हणूनच घ्यावी. खरें पाहतां विटा आणि लांकूड हेंच वरच्या मजल्यांस हलकें व सोईचें होतें, आणि साऱ्या पुण्यानें पुढें तेंच केलें. १८२८ सालच्या आगींत आंतील मजले जळाले. आज उरलें आहे तें काय, तर तट, बुरूज, दरवाजे, हौद, कारंजीं आणि जोतीं. पाहुणे येतात आणि ‘येथें तर कांहींच नाहीं’ म्हणून हिरमुसून परततात. परंतु या रिकाम्या जोत्यांवर फिरतांना खणांची आंखणी ओळखतां येते, आणि एवढा मोठा प्रासाद म्हणजे दगडी पीठावर उभें केलेलें सागाचें अरण्य होतें, हें मनांत स्वच्छ उभें राहतें.

सामान्य सरदाराच्या किंवा सावकाराच्या वाड्याची मांडणी श्रोत्यांपैकीं पुष्कळांस पाठ असेल. रस्त्याच्या बाजूस उंच, जवळजवळ आंधळी भिंत. तींत मोठा दरवाजा आणि त्या दरवाजांत दिंडी. दिंडींतून शिरतांना मोठमोठ्यांना वाकावें लागे. आंत देवडी, देवडींतून पहिला चौक. या चौकाभोंवतीं कारकुनी, सदर, आल्यागेल्याची बसउठ. दुसरा चौक घरच्या मंडळींचा : तुळशीवृंदावन, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. तिसरा असलाच तर गुरें, सरपण, कोठी यांचा. विहिरीला जागा नसेल तेथें आड किंवा हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनींतील नळांनीं शहरांत आणलें गेल्यापासून कांहीं वाड्यांच्या हौदांत तें खेळूं लागलें. माडीवर दिवाणखाना. जिना मात्र अरुंद, उभा आणि काळोखा. पुष्कळदां भिंतीच्या जाडींतच बसवलेला. वाड्याची भिंत एवढी जाड कीं तींत जिना मावे, फडताळ मावे, कोनाडे मावत, प्रसंगीं दागिन्यांचा चोरकप्पाही मावे.

बाहेरून आंधळा असलेला हा वाडा आंतून उघडा असे. दुपारचें ऊन डोक्यावर आलें म्हणजे चौकांतील तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास ओसरीच्या सावलींतील गार हवा सरकते. जाड भिंत दिवसाचें ऊन आंत पोंचूं देत नाहीं. पावसाळ्यांत चौकांत धार कोसळत असतां चहूंबाजूंच्या ओसऱ्यांवर घरचे व्यवहार कोरड्यांत चालत. इंग्लंडांतील रांगेच्या घराचें गणित नेमकें उलट आहे. तेथें ऊन दुर्मिळ; म्हणून घराचें तोंड रस्त्याकडे, खिडक्या उंच, एकाखालीं एक, एका मापाच्या, आणि सरकत्या तावदानांच्या. खिडकी तेथें एवढी मोलाची कीं १६९६ सालीं राजानें तिच्यावरच कर बसवला आणि तो १८५१ पर्यंत चालला. कर चुकवण्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजवून टाकल्या. आपल्याकडे खिडक्यांवर कर नव्हता, तरी रस्त्याच्या बाजूस त्या नव्हत्याच. उजेड हवा असेल तर तो आभाळांतून चौकांत उतरे.

आणखी एक भेद आगीनें शिकवला. १६६६ सालीं लंडन जळालें, तेव्हांपासून तेथील कायदा लांकडाच्या मागें लागला. १७०९ च्या कायद्यानें खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आंत घ्यावी लागली. १७७४ च्या कायद्यानें त्या चौकटी बहुतांशीं विटांच्या मागें दडल्या. जॉर्जियन घराचा तो साधा, सपाट, कांहींसा कोरडा चेहरा ही केवळ अभिरुचि नव्हे. तिच्यामागें अग्निभय आहे. पुण्यानें अशी आग पाहिली नाहीं असें नाहीं. १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला. १३ मे १८७९ च्या रात्रीं बुधवारवाडा भस्म झाला आणि त्याच रात्रीं विश्रामबागवाड्याचाही एक भाग जळाला. तरीही लांकडावरचें आमचें प्रेम कमी झालें नाहीं. ज्यानें विश्रामबागवाड्याचा सज्जा खालून मान वर करून पाहिला असेल, त्याला याचें नवल वाटणार नाहीं. दुसऱ्या बाजीरावांनीं १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब, त्यांच्या माथ्यावर उलगडणारीं केळीचीं पानें, महिरपी आणि केळफुलें. धनी फार दिवस राहिला नाहीं. अकरा वर्षांनीं राज्य गेलें, बाजीराव बिठूरास गेले, आणि १८२१ सालीं एल्फिन्स्टनसाहेबांच्या पुढाकारानें या वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. पुढें कचेऱ्या आल्या, नगरपालिकेचा कारभारही अनेक वर्षें येथेंच चालला. म्हणजे हा वाडासुद्धां एका अर्थानें बिऱ्हाडकरूंच्याच हातीं गेला. पण ते बिऱ्हाडकरू सरकारी होते, म्हणून तो वांचला.

इतरांचें तसें झालें नाहीं. राज्य गेल्यावर सरदारांचीं पथकें मोडलीं, नेमणुका आटल्या. एका पिढींत जेथें पागा, कारकून, आश्रित मिळून शंभर पानें उठत, तेथें पुढच्या पिढींत चार भावांच्या वांटण्या झाल्या. वांटणींत वाडा आडवा चिरतां येत नाहीं. म्हणून ओसरीवर कूड उभा राहिला, दिवाणखान्याचे दोन भाग झाले, आणि उरलेल्या खोल्या भाड्यानें गेल्या. त्याच सुमारास पुण्यास शाळा, महाविद्यालयें, कचेऱ्या, छापखाने आले. कोंकणांतून, साताऱ्याकडून, भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं माणसें येऊं लागलीं. त्यांना दोन खोल्या हव्या होत्या. मालकाला दरमहा कांहीं रोख रक्कम हवी होती. दोघांची गांठ पडली आणि वाडा हें एका घराण्याचें घर न राहतां पंधरा घरांचें एक आवार झालें. मुंबईची चाळ ही पहिल्यापासून भाडेकऱ्यांसाठींच बांधली गेली. वरळी, नायगांव वगैरे ठिकाणीं विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या चाळींत प्रत्येक कुटुंबास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली आणि समोर सामायिक बोळ, असें गणित पहिल्याच दिवशीं कागदावर मांडलेलें होतें. वाड्याचें तसें नव्हतें. तो एका कुटुंबासाठीं जन्मला आणि पुष्कळ कुटुंबांसाठीं जगला.

त्या जगण्यांत गोडवा होता यांत शंका नाहीं. चौकांत वाळवणें पडत, मुलांची झोपमोड एका घरीं आणि अभ्यास दुसऱ्या घरीं होई, बाळंतिणीला वरच्या माडीवरून डिंकाचा लाडू येई. याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत भर घालण्याची गरज नाहीं. उलट जें लिहिलें गेलें नाहीं तें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या चौकाभोंवतींच्या खालच्या खोल्यांत भर दुपारीं दिवा लावावा लागे. धुरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे डोळे चुरचुरत. संडास एक आणि त्यापुढें रांग. १८९७ सालीं प्लेगनें शहर ग्रासलें तेव्हां याच दाट पेठांतील घरांची झडती, धुलाई आणि चुनेगच्ची सक्तीनें झाली. ती ज्या उद्दामपणानें झाली त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्या उद्दामपणाचा राग योग्य होता म्हणून त्या खोल्यांतील काळोख निरोगी होता असें होत नाहीं. वाड्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पुढें कोथरूडला स्वतंत्र न्हाणीघराची सदनिका घेतली. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं.

याच जागीं डब्लिनची हकीकत उपयोगी पडते. १८०१ सालीं आयर्लंडची पार्लमेंट बंद होऊन तिचा कारभार लंडनास गेला. ज्या उमरावांसाठीं त्या हवेल्या बांधल्या होत्या, ते राजधानीबरोबर निघून गेले. अगदीं १८१८ नंतरच्या पुण्याचीच ही गोष्ट. हेन्रिएटा रस्त्यावरील चौदा क्रमांकाचें घर १७४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका धनिकाच्या कुटुंबासाठीं उभें राहिलें. १८७७ सालीं त्याच्या नव्या मालकानें आंतील भव्य जिना उपटून काढला आणि घराचे तुकडे करून एकोणीस बिऱ्हाडांची सोय केली. १९११ च्या खानेसुमारींत त्या एका घरांत शंभर माणसें मोजलीं गेलीं. छताला चुन्याचीं वेलबुट्टीचीं नक्षी तशीच, आणि तिच्याखालीं दोरीवर पोरांचे कपडे. १९१३ च्या सप्टेंबरांत त्याच शहरांतील चर्च स्ट्रीटवरील असलींच दोन घरें रात्रीं कोसळलीं व सात माणसें ठार झालीं. तेव्हां कोठें सरकारनें चौकशी नेमली. हेन्रिएटा रस्त्यावरील त्या घरांतून शेवटचे भाडेकरी १९७० नंतरच्या दशकांत निघाले. आज तें संग्रहालय आहे. २०१८ सालीं तें लोकांसाठीं उघडलें. विशेष असें कीं, तेथें केवळ उमरावाचा दिवाणखाना दाखवीत नाहींत. भाडेकऱ्यांच्या भिंतींचा तांबडा-निळा रंग, त्यांनीं मारलेले खिळे, खोलीच्या मध्यें घातलेल्या फळ्या, हेंही तितक्याच काळजीनें राखलें आहे. घराचें एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील आयुष्य हेंही त्या घराचेंच आयुष्य, असा त्या राखणाऱ्यांचा निर्णय. आपल्याकडे मात्र जतन म्हटलें कीं पहिला विचार येतो तो भाडेकऱ्यांच्या खुणा पुसून टाकण्याचा.

वाडा पडतो कसा ? लोक म्हणतात, जुना झाला म्हणून. हें उत्तर आळसाचें आहे. सागाचा खांब कोरडा राहिला तर दोनशें वर्षें सहज उभा राहतो. तो मरतो पायाकडून, आणि मारणारें असतें पाणी. मूळ वाड्यांत पाण्याची जागा ठरलेली होती : खालीं, दगडी फरशीवर, उघड्या चौकाच्या कडेला. पाणी सांडलें तर पन्हळीनें बाहेर जाई. बिऱ्हाडें झालीं आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यांत मोरी आली. माडीवरची जमीन कडीपाटाची. म्हणजे कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. त्यावर चार विटांचा कट्टा घालून सिमेंटचा हात फिरवला कीं झाली मोरी. सकाळ-संध्याकाळ दोन-चार बादल्या पाणी, वर्षांतले तीनशें पासष्ट दिवस. सिमेंटला केसासारखी एक चीर पडते. ती कोणाला दिसत नाहीं. पाणी मातींत उतरतें, मातींतून फळीला, फळींतून कडीच्या टोंकाला. आणि कडीचें टोंक भिंतींत रुतलेलें असल्यामुळें तें सुकण्याला वाराच मिळत नाहीं. मग वाळवी येते. वरून रंग दिलेली कडी धडधाकट दिसते, आंत भुसा झालेला असतो. एका कडीनें मान टाकली कीं तिचा भार शेजारणीवर जातो.

दुसरें कारण वर, कौलांत. पूर्वीं दरवर्षीं वैशाखांत शाकारणी होई. फुटकीं कौलें बदलावीं, सरकलेलीं बसवावीं, रीप कुजली असेल ती नवी घालावी. हें काम शिमगा-दिवाळीइतकें नेमाचें. शाकारणी चुकली तर पहिल्या वर्षीं थेंब, दुसऱ्या वर्षीं ओघळ, पांचव्या वर्षीं तुळई. आणि शाकारणी चुकूं लागली ती एका कायद्याच्या काळापासून.

या कायद्याविषयीं बोलतांना मालक एक भाषा बोलतात आणि भाडेकरी दुसरी. दोघांचेंही अर्धें खरें असतें. महायुद्धाच्या काळांत शहरांत गर्दी वाढली, घरमालक वाटेल तें भाडें मागूं लागले, गरीब माणसाला रस्त्यावर यावें लागूं नये म्हणून सरकारनें भाडीं बांधून दिलीं. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरलें. हेतु उत्तम होता आणि त्या वेळीं तो अवश्यही होता. परंतु रुपया वाहत राहिला आणि भाडें गोठून राहिलें. समजा, एका वाड्यांत दरमहा बारा रुपयांचीं दहा बिऱ्हाडें आहेत. वर्षाचे झाले चौदाशें चाळीस रुपये. त्यांतून कर भरावा, कौलें शाकारावींत, कुजलेली तुळई बदलावी. अलीकडच्या काळांत एवढ्या रकमेंत चांगला सुतार दोन दिवसही काम करणार नाहीं. दुरुस्ती करणें हें मालकाचें कर्तव्य म्हणून कायद्यांत लिहिलेलें होतेंच. पण कर्तव्य लिहून ठेवल्यानें सागाचे पैसे होत नाहींत. मालकानें हात आंखडला. मनांतून कांहींजण वाडा पडण्याचीच वाट पाहूं लागले, कारण वाडा पडला तरच जागा मोकळी. भाडेकऱ्यांना वाटे, दुसऱ्याच्या भिंतीवर आपण खर्च कां करावा ? आणि सोडून तरी कोठें जावें ? अशा रीतीनें ज्या कायद्यानें माणसें घरांत राखलीं, त्यानेंच घर माणसांच्या अंगावर येऊं दिलें. ३१ मार्च २००० पासून जारी झालेल्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्यानें दरसाल शेंकडा चार टक्के वाढीची मुभा दिली. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, याचा हिशेब शाळेंतील मूलही करील.

मध्यें १९६१ सालचा महापूर येऊन गेला. १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतून पाणी शिरलें. जे वाडे चुन्यांत बांधलेले होते त्यांपैकीं पुष्कळ तगले. ज्यांच्या विटा मातींत बसवलेल्या होत्या, त्यांची माती पाण्यांत विरघळली आणि भिंती जागच्या जागीं बसल्या. खर्च वांचवण्यासाठीं शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं कोणी चुन्याऐवजीं माती वापरली, तो हिशेब त्या दिवशीं चुकता झाला. पुरानंतर शहर बाहेर पसरलें, आणि पेठांतील मोकळ्या झालेल्या जागांवर सिमेंटच्या इमारती उठल्या.

जुन्या इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण द्यावें, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. शनिवारवाड्यासारखीं स्मारकें पुराण-वस्तु खात्याकडे पूर्वींच गेलीं होतीं. पण माणसें राहत असलेल्या घरांना धरून नियम प्रथम मुंबईंत १९९५ सालीं झाले. त्यांत इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. अत्यंत महत्त्वाच्या इमारतींस सहसा हात लावतां येत नाहीं. खालच्या श्रेणींतील इमारतींत आंतून फेरफार चालतो. मालकाचें नुकसान होतें म्हणून न वापरलेल्या बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागीं विकण्याची सवलतही त्यांत ठेवली. पुढें पुण्यानेंही आपली यादी केली व तींत कित्येक वाडे आले. यादी ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु यादीच्या कागदानें कौल शाकारलें जात नाहीं. शिवाय यादी करणारा बहुधा स्थापत्यज्ञ असतो, आणि त्याचा डोळा महिरपीकडे जातो. ज्या घरांत महिरप नाहीं पण मोठी गोष्ट घडली, त्याचें काय करावें ?

बुधवार पेठेंतील भिडे वाडा हें याचें बोलकें उदाहरण. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा येथें काढली. जागा तात्यासाहेब भिडे यांनीं दिली. वाडा नक्षीचा नव्हता, विश्रामबागेच्या पासंगालाही लागला नसता. शाळा गेली, दुकानें आलीं, भाडेकरी आले. शंभर-दीडशें वर्षें लोक त्याच्या समोरून दगडूशेट गणपतीच्या दर्शनास जात राहिले. स्मारक करावें अशी मागणी उठली, तेव्हां वाडा मोडकळीस आलेला होता आणि आंतील भाडेकऱ्यांचा व महापालिकेचा तंटा न्यायालयांत गेला. वर्षांमागून वर्षें गेलीं. २०२३ सालीं उच्च न्यायालयाचा आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूनें लागला, व डिसेंबर २०२३ मध्यें एका रात्रींत वाडा उतरवला गेला. तेथें स्मारक व्हावयाचें, तें नव्यानें बांधून. ज्या उंबऱ्यावरून पहिल्या मुली आंत गेल्या असतील तो उंबरा, ती ओसरी, तो जिना आतां दाखवतां येणार नाहीं. तीस वर्षांपूर्वीं दोन सुतार, एक गवंडी आणि वैशाखांतील शाकारणी यांवर जें निभावलें असतें, त्याला शेवटीं कोर्टाचे निकाल आणि यंत्राचा पंजा लागला. भाडेकऱ्यांना यांत खलनायक ठरवणें सोपें आहे. पण एवढीं वर्षें त्या छपराखालीं दिवा लावणारे तेच होते.

ज्या वाड्यांस अजून आशा आहे, त्यांच्याविषयीं शेवटीं थोडें कामाचें. विश्रामबागवाड्याची दुरुस्ती महापालिकेनें २००० नंतर टप्प्याटप्प्यानें हातीं घेतली. तेथें आणि अन्यत्रही ज्यांनीं असें काम केलें आहे, त्यांची रीत साधारण एकच आहे. प्रथम वाडा कोरडा करावयाचा. त्यानंतर प्रत्येक खांबाच्या पायथ्याशीं लांकडी हातोडीनें ठोकून पाहावयाचें. नाद भरीव आला तर खांब निरोगी, पोकळ आला तर आंत कीड. पोकळ खांब सारा टाकून देण्याचें कारण नसतें. तुळईस खालून टेकू देऊन भार उचलावयाचा, कुजलेला हात-दीड हात पाय कापावयाचा, आणि जुन्या सागाचा तितकाच तुकडा सांधा घालून बसवावयाचा. असा साग जुन्या बाजारांत मिळतो. तो दुसऱ्या एखाद्या पडलेल्या वाड्याचाच असतो. भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून चुन्याचा करावयाचा, कारण सिमेंट भिंतींतील ओल आंतच कोंडून ठेवतें आणि चुना तिला बाहेर पडूं देतो. बिऱ्हाडें हलवावीं लागत नाहींत. एका बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या करून घेतल्या तर काम बाजूबाजूनें पुरें होतें, मात्र त्या दोन खोल्यांतील माणसांनीं चार महिने शेजाऱ्याच्या ओसरीवर संसार मांडण्यास कबूल व्हावें लागतें. आणि या सर्वांच्या आधीं, पहिल्याच आठवड्यांत, माडीवरच्या साऱ्या मोऱ्या फोडून त्या एकाखालीं एक अशा एका कोपऱ्यांत आणावयाच्या, खालच्या दगडी फरशीच्या बरोबर वर, जेथें मूळ धन्याचें न्हाणीघर होतें.